फी बुडवणार नाही, तारखा तेवढ्या बदला: बी.एड. कॉलेजच्या व्यवस्थापनास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य आणि प्राचार्य,

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत नोटीस बोर्डाभोवती घोळका दिसला. मला वाटले, इंटर्नशिपच्या शाळांची यादी लागली. जवळ जाऊन बघते तर दुसऱ्या वर्षाच्या फीची नोटीस. ३० हजार रुपये, २० जूनपर्यंत, एकरकमी. हप्त्यांची सोय बंद. त्या तारखेनंतर बाकी कितीही असो, रोज ५० रुपये दंड. खाली आणखी तीन ओळी होत्या: कॉलेज यापुढे सकाळी सव्वाआठला भरेल, गणवेशाच्या साडीचा रंग बदलला आहे, आणि कॉलेजच्या आवारात लहान मुलांना आणू नये.

शेवटची ओळ वाचताना दोघीतिघींनी वळून माझ्याकडे पाहिले.

मी तुमच्या कॉलेजात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २८. बेळगावच्या वडगावात एका खोलीत भाड्याने राहते, सोबत चार वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातले सासर सोडून आले. का सोडले, हा या पत्राचा विषय नाही. ते जिथे सांगायचे तिथे, म्हणजे कोर्टात, सांगते आहे.

नोटीस लागल्यावर मी दोन अर्ज दिले, एक मंगळवारी, एक शुक्रवारी. दोन्हींच्या प्रतींवर आवक शिक्का आहे, उत्तर एकालाही नाही. ऑफिसात विचारले तर ‘मिटिंगमध्ये ठरलंय, आमच्या हातात काही नाही’ एवढेच ऐकायला मिळाले. मिटिंगमध्ये मला येता येत नाही, म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. कॉलेजचे नाव मुद्दाम घातलेले नाही. एक तर मला तिथूनच पदवी घ्यायची आहे. दुसरे म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडीकडे शिकणाऱ्या मैत्रिणींशी बोलले, तेव्हा कळले की असल्या नोटिसा आमच्याकडेच लागतात असे नाही. ज्या कॉलेजला हे पत्र आपल्याला लिहिलेले वाटेल, त्याने ते आपलेच समजावे.

दुसरा अर्ज घेताना ऑफिसातले एक सर हसत म्हणाले, ‘आता बायकांना सरकार महिन्याला दोन हजार देतंय की. फी भरायला काय झालं?’ त्यांचा मला राग नाही. लांबून बघणाऱ्याला तसेच वाटते, आणि व्यवस्थापनालाही तसेच वाटत असेल तर ते आधी मिटवलेले बरे.

कर्नाटकात पाच गॅरंटी योजना आहेत. त्यांतली गृहलक्ष्मी ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून ज्या बाईचे नाव, तिला महिन्याला दोन हजार. एका कार्डाला एकच गृहलक्ष्मी. माझे आणि मुलीचे नाव अजून सासरच्या कार्डावर आहे, त्यामुळे आमची गृहलक्ष्मी म्हणजे माझ्या सासूबाई. नाव कमी करून घ्यायला गेले तर एका कचेरीत म्हणाले घरच्यांची संमती आणा, दुसरीकडे म्हणाले कोर्टाचा निकाल आणा, आणि तिसऱ्यांदा गेले तेव्हा नवीन कार्डाचे अर्ज घेणेच बंद होते. अन्नभाग्यचा तांदूळही त्याच कार्डावर निघतो. आम्हा दोघींच्या वाट्याचा तांदूळ आम्ही सोडून सगळे खातात. गृहज्योतीत २०० युनिटपर्यंतची वीज भाडेकरूलाही फुकट मिळते, पण आमच्या घरमालकीण मावशींचे मीटर एक आणि खोल्या चार. २०० च्या वर गेले की पुरे बिल येते, ते आम्ही वाटून घेतो. युवानिधी, म्हणजे बेकारीचा भत्ता, २०२२-२३ पासून पुढे पदवी झालेल्या बेकारांना, तीही पुढे शिकत नसतील तर. मी बी.ए. झाले २०१८ साली, आणि शिकते तर आहेच. राहिली शक्ती, म्हणजे बायकांना सरकारी बसचा फुकट प्रवास. ती मात्र मिळते. आधार कार्ड दाखवून शून्याचे तिकीट घेते आणि सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरते. पाचातली ही एक आणि ती खरोखर उपयोगाची आहे, हे म्हणायलाच हवे.

माहेर माझे चंदगड तालुक्यात. बाची सोडून शिनोळीत शिरले की महाराष्ट्र. तिथे भावजयीला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, इथे सासूबाईंना दोन हजार. दोन्ही सरकारांनी आमच्या घरातल्या बायकांना ओवाळणी घातली. मी तेवढी बाची आणि शिनोळीच्या मधल्या रस्त्यावर उभी राहिले.

तर सरकारचा पैसा बाजूला ठेवून माझा महिन्याचा हिशेब मांडते. घरचा हिशेब असा जाहीर मांडायला लाज वाटते, खोटे कशाला बोलू. पण हिशेब न दाखवता मागितले की ती भीक होते, आणि मला भीक मागायची नाही.

संध्याकाळी नऊ मुलांची शिकवणी घेते, दरेकी ४०० प्रमाणे ३,६०० रुपये. रात्री फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई, धरून चाला २,८००. दर रविवारी खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानात उभी राहते, दिवसाचे ४००, म्हणजे महिन्याचे १,६००. जमा ८,०००.

खोलीभाडे २,८००. विजेच्या वाटणीचे ३००. सिलिंडर दोन महिने पुरवते, म्हणून महिन्याला ४३० बाजूला काढते. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, तेव्हापासून आंघोळीचे पाणी मावशींच्या बंबावर तापवते. अर्धा लिटर दूध रोजचे, महिन्याचे ७२०. त्याच एप्रिलमध्ये नंदिनीचे दूध लिटरमागे चार रुपयांनी चढले. ऐकताना काहीच वाटत नाही, पण अर्ध्या लिटरला दोन रुपये म्हणजे महिन्याला ६०, आणि ६० रुपये म्हणजे मुलीची आठवड्याभराची केळी. किराणा १,८००. भाजी ५००, तीही शहापूरच्या बाजारात रात्री आठनंतर, उरलासुरला ढीग घेतला तर. शेजारच्या आज्जी अंगणवाडी सुटल्यावर मुलीला सांभाळतात, त्यांना ६००. त्या घ्यायला तयार नव्हत्या. मीच म्हटले, आज्जी, फुकटचे असेल तर मला रोज विचारायचा संकोच होईल. मोबाइलचे रिचार्ज ३००. (महिना २८ दिवसांचा धरणारे जगात हे एकच खाते बघितले मी. वर्षाला तेरा महिने होतात त्यांचे.) आणि गल्लीतली भिशी ५००.

खर्च ७,९५०. हातात राहतात ५०.

यात औषध नाही, पाहुणा नाही, लग्नातला आहेर नाही, आणि बी.एड.चा खर्च तर अजिबात नाही. पाठटाचणाच्या वह्या, तक्त्यांचे कार्डशीट, स्केचपेन, झेरॉक्स, सराव पाठासाठी करायची शैक्षणिक साधने. मागच्या वर्षी अपूर्णांकांच्या पाठाला मी भाकरीचे चार तुकडे करून नेले. निरीक्षक बाईंनी वहीत ‘कल्पक साधन’ असा शेरा दिला. कल्पकता कसली, त्या आठवड्यात कार्डशीट परवडत नव्हते.

मग ३० हजार कुठून आणणार, असे तुम्ही विचाराल. विचाराच. या पत्रात मला मुख्य सांगायचे आहे ते हेच.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी आणि लग्नसराई एकदम येते. यंदा दिवसरात्र मशीन चालवून ८,००० वर काढले. भावाची काजूची झाडे आहेत, मालाचे पैसे आले की तो मला ५,००० देतो. जूनमध्ये माझ्याकडे १३,००० असतात. सप्टेंबरात भिशीचा माझा नंबर लागतो, दहाजणींची ५०० ची भिशी, ५,०००. गणपतीपासून दिवाळीपर्यंत शिलाईचे काम वाढते, ते पैसे गिऱ्हाइकांकडून दिवाळी झाल्यावर हातात येतात, साधारण ७,०००. फेब्रुवारीत पुन्हा लग्ने, ५,०००. बेरीज करून बघा. बरोबर ३० हजार.

पैसा आहे. तो २० जूनला नाही.

घर चालवायला लागल्यापासून माझ्या कॅलेंडरवर सणांच्या आधी पैशांच्या तारखा असतात. भाडे पाच तारखेला. मावशी चांगल्या आहेत, पण त्यांचे एकच म्हणणे, ‘बाकी कायबी असूदे, भाडं तेवढं पाच तारखेला दे गं.’ शिकवणीचे पैसे एक ते दहा. दूधवाला सात तारखेला. किराणा दुकानदार पंधरा तारखेपर्यंत खात्यावर लिहून ठेवतो, सोळाव्या दिवशी काही बोलत नाही, नुसता चष्म्यावरून बघतो. या सगळ्यांची सोय मी एकमेकांच्या आधाराने लावलेली आहे. एक तारीख सरकली की सगळी उतरंड कोसळते. मागच्या वर्षी तुम्ही तीन हप्ते दिले होते, तेव्हा ते यात बसले. माझा एकही हप्ता चुकला नाही. पहिल्या हप्त्यासाठी दोन पाटल्या मोडल्या, ते वेगळे. आता मोडायला काही शिल्लक नाही.

तुमच्या दंडाचा हिशेबही करून पाहिला. मी शेवटचे पैसे २० फेब्रुवारीला भरले, तर २० जूनपासून २४५ दिवस होतात. रोजचे ५० म्हणजे १२,२५० रुपये. फीतले १३ हजार मी पहिल्याच दिवशी भरलेले असतील, तरी दंड तेवढाच, कारण नोटिशीत ‘बाकी कितीही असो’ असे आहे. उरलेल्या १७ हजारांसाठी सव्वाबारा हजार. आमच्या गल्लीत आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणारे मोटारसायकलवरून येतात. त्यांच्या वसुलीच्या जाचाला आळा घालायला राज्य सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढावा लागला. त्यांच्या दारात मी दोन वर्षांत एकदाही गेलेले नाही. तुमची नोटीस वाचून पहिल्यांदा मनात आले, की त्यांच्याकडून उचलून तुम्हाला द्यावे, स्वस्त पडेल. ज्या कॉलेजात आम्हाला मुलांना सरळव्याज कसे शिकवायचे ते शिकवतात, तिथल्या मिटिंगमध्ये हे गणित कुणीच मांडून पाहिले नसेल का?

पोटगीचे मी जमेत धरलेले नाही. आई म्हणायची, ज्या पैशाची तारीख माहीत नाही तो पैसा जमेत धरू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज केला आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच म्हणतो. माझ्या अर्जाला चौदा महिने झाले. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला. उत्पन्न कितीही असले तरी बाईला ती मदत मिळते, १९८७ चा कायदा आहे. हे इथे लिहिते, कारण वर्गातल्या दोघींना ते ठाऊक नव्हते आणि एकीने दागिना गहाण टाकून वकील लावला होता.

इथून हजेरीकडे येते.

एनसीटीई ही शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय संस्था. तिच्या नियमाप्रमाणे बी.एड.ला वर्षाला किमान २०० दिवस कामकाज, वर्ग आणि प्रात्यक्षिकाला किमान ८० टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. हा नियम तुमचा नाही, तो वाकवा असे मी म्हणत नाही. उद्या मी शिक्षिका होणार, वर्गातच नसलेली शिक्षिका मलाही नको. मागच्या वर्षी मी १९ दिवस गैरहजर होते. सात दिवस कोर्ट, आठ दिवस मुलीचा ताप आणि कांजिण्या, चार दिवस रेशन कार्डाच्या फेऱ्या. २०० पैकी १८१ दिवस मी वर्गात होते, साडेनव्वद टक्के. तरी हॉल तिकीट घ्यायला गेले तेव्हा दिवसाला १०० प्रमाणे १,९०० रुपये भरून घेतले, आणि पावतीवर लिहिले ‘इतर शुल्क’. नियम जे वीस टक्के देतो, ते कॉलेज शंभर रुपये रोजाने परत विकते. १,९०० म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा आणि वर शंभर. त्या महिन्यात आम्ही माहेरच्या तांदळावर आणि रताळ्यांवर काढले. मुलीला रताळी आवडतात, एवढे नशीब.

कोर्टाच्या तारखेला गेले नाही तर माझाच अर्ज निघून जाईल. गेले तर बहुतेक वेळा समोरचे वकील येत नाहीत आणि पुढची तारीख मिळते. म्हणजे एका दिवसाचे कॉलेज बुडते, शंभर रुपये तुमचे, आणि हाती एक नवी तारीख. येत्या सत्रात इंटर्नशिप आहे, तिथे ९० टक्क्यांची अट. कोर्टाची तारीख पाठाच्या दिवशी आली तर पाठ दुसऱ्या दिवशी घेऊ द्या, एवढी अदलाबदल शाळांशी बोलून तुम्ही सहज करू शकता. सरांच्या घरचे लग्न होते, तेव्हा सगळ्या गटाचे पाठ पुढे गेलेच की.

सहीची गोष्ट. प्रवेश घेताना हमीपत्रावर ‘पती किंवा पालक’ यांची सही मागितली. मी म्हटले, मी सव्वीस वर्षे पूर्ण केलेली बाई आहे, फी मी भरते, हमी मीच देते. उत्तर आले, ‘कुणाची तरी माणसाची आणा.’ बाई माणसात येत नाही हे तेव्हा समजले. शेवटी चंदगडहून भाऊ आला, दिवसाचे काम बुडवून. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. लहानपणी त्याचे नाक मी पुसलेले आहे, आणि तुमच्या फाइलीत तो माझा पालक आहे. आता दुसऱ्या वर्षाच्या अर्जात तोच रकाना पुन्हा आलाय. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला आईवडिलांपैकी एकाचे नाव चालते. २०१८ पासून पॅन कार्डाला, आई एकटी असेल तर, वडिलांचे नाव लागत नाही. देशाबाहेर जायला जी सही लागत नाही, ती तुमच्या फाटकातून आत यायला का लागावी?

साडीचे थोडक्यात. पहिल्या वर्षी दोन साड्या घेतल्या, ठरलेल्या दुकानातून. त्या अजून चांगल्या आहेत. आता मोरपंखीऐवजी डाळिंबी हवी. यात एक गंमत झाली तीही सांगते, नाहीतर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ज्यांना परवडते त्यांनी नव्या साड्या लगेच आणल्या, आणि वर्गातल्या ३० साड्यांचे फॉल-पिको माझ्याकडेच आले. एका साडीचे ७० रुपये, म्हणजे २,१०० मिळाले. तुमच्या निर्णयाने फायदा झालेली मी बहुधा दुकानदारानंतर दुसरी. त्या पैशांतून पावसाळ्याआधी मुलीला रेनकोट आणि बूट घेतले. तरीही म्हणते, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना जुनी साडी चालू द्या.

आणि मूल.

आमच्या पन्नासजणांच्या वर्गात आम्ही सहाजणी आया आहोत. पाचजणींचे संसार नीट चालले आहेत, म्हणून त्या गप्प आहेत. पण सव्वाआठच्या वेळेने त्यांचीही तारांबळ उडणार आहे. अंगणवाडी साडेनऊला उघडते. आतापर्यंत कॉलेज साडेनऊला होते, मी मुलीला दारात सोडून धावत बस पकडायची. थोडा उशीर होई, आमच्या बाई समजून घेत. सव्वाआठला मी तिला कुठे ठेवू? आज्जींना सकाळी संधिवाताने उठवत नाही. वेळ बदलण्याचे कारण विचारले तर कळले, दुपारनंतर इमारत दुसऱ्या अभ्यासक्रमाला द्यायची आहे. एनसीटीईला आठवड्याचे ३६ तास हवे असतात, ते सकाळी किती वाजता सुरू व्हावेत हे तिने सांगितलेले नाही.

मुलीला मी वर्षभरात कॉलेजात चार वेळा आणले. तीन वेळा अंगणवाडीला सुट्टी होती, चौथ्यांदा आज्जी दवाखान्यात होत्या. ती मागच्या बाकावर चित्रे काढत बसली. एकदा व्याख्यान चालू असताना तिने मोठ्याने विचारले, ‘आई, सर कधी थांबणार?’ सगळा वर्ग हसला, सरही हसले. नोटिशीतली ओळ त्यामुळे आली असेल तर मी क्षमा मागते. पण त्या तासाला विषय कोणता चालला होता ते सरांना आठवत असेल: लिंगभाव, शाळा आणि समाज.

आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे काढली आहेत. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर ठेवायची सक्ती मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली. शिकणाऱ्या बाईचे मूल मात्र कुठल्याच कायद्यात बसत नाही, कारण शिकणे हे काम धरत नाहीत. मी तुमच्याकडे पाळणाघर मागत नाही. लेडीज रूमशेजारची जुन्या बाकांची खोली रिकामी आहे. तिची किल्ली द्या, झाडून आम्ही घेऊ, आणि अडीअडचणीच्या दिवशी आम्ही सहाजणी तासांप्रमाणे पाळी लावून मुले सांभाळू.

बी.एड. प्रवेशापासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पुरे करायचे असते. म्हणजे हे वर्ष हुकले तर माझ्या हातात एकच वर्ष उरते, आणि त्या वर्षीही जूनमध्ये माझ्याकडे १३ हजारच असणार. गावाकडच्या आमच्या मराठी शाळेत अतिथी शिक्षकांवर वर्ग चालतात. तिथे उभे राहता आले तर शिकवणी, मशीन आणि रविवारचे दुकान यांतले निदान एक मला सोडता येईल. बहुतेक दुकानच सोडेन. रविवारी मुलगी मला विचारते, आज तुझी शाळा नाही ना, मग कुठे चाललीस.

माझ्या मागण्या अशा:

१. दुसऱ्या वर्षाची फी चार हप्त्यांत घ्यावी: २० जून, ३० सप्टेंबर, दिवाळीनंतरचा पंधरवडा आणि फेब्रुवारीअखेर. ज्या विद्यार्थिनी अर्ज करून आपले हप्ते लेखी कळवतील, त्या सगळ्यांना ही सोय असावी, माझ्या एकटीसाठी नको. लेखी दिलेला हप्ता चुकला तर दंड जरूर लावा, पण तो राहिलेल्या रकमेच्या प्रमाणात.

२. ८० टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर गैरहजेरीचा दंड घेऊ नये. मागच्या वर्षी घेतलेला दंड फीत वळता करावा. पैसे परत मागत नाही, वळते करा.

३. कोर्टाच्या तारखेची नोंद दाखवली तर सराव पाठ आणि इंटर्नशिपचा दिवस बदलून मिळावा.

४. सज्ञान विद्यार्थिनीच्या हमीपत्रावर तिचीच सही पुरेशी धरावी.

५. वेळ साडेनऊचीच ठेवावी. ते अगदीच शक्य नसेल, तर पहिला तास प्रार्थना, वाचनालय असा ठेवून आयांना त्यात सवलत द्यावी.

६. जुन्या साड्या चालाव्यात, आणि मुलांबद्दलची ती ओळ नोटिशीवरून काढावी.

फी माफ करा, असे यात कुठेही लिहिलेले नाही. ‘अडचणीतल्या विद्यार्थिनीला’ कार्यक्रमात बोलावून पाकीट देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते पाकीट मला देऊ नये, अशीही विनंती. फोटो पेपरात येतो आणि तो सासरीही वाचतात.

२० जूनला सकाळी दहा वाजता मी फी काउंटरवर १३ हजार रुपये घेऊन येईन. सोबत उरलेल्या तीन हप्त्यांच्या तारखांचा अर्ज असेल, माझ्या सहीचा. पैसे घेऊन पावती द्यावी. घ्यायचे नसतील तर का घेत नाही, ते त्याच अर्जावर लिहून द्यावे.

त्या दिवशी शेजारच्या आज्जी लेकीकडे हुक्केरीला जाणार आहेत, आणि तुमच्या नव्या वेळेला अंगणवाडीचे दार बंद असते. त्यामुळे मुलगी माझ्याबरोबर असेल.

आपली विद्यार्थिनी,
बी.एड. द्वितीय वर्ष, वडगाव, बेळगाव